उलटे आटे

परवा इन्स्टिट्यूटमधून एक पाकीट आलं. निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, त्यामुळे आधी वाटलं, कुठल्या तरी कपाटाची किल्ली परत द्यायची राहिली असणार. तसं नव्हतं. नव्या इमारतीत शिरल्या शिरल्या दिसेल असं, काचेच्या पेटीत आमचं जुनं लाकडी मॉडेल ठेवणार आहेत. शेजारी लावायच्या पाटीचा मजकूर सोबत जोडला होता. त्या काळातल्या आता तुम्हीच सापडलात, तेव्हा एकदा नजर घालून आठ दिवसांत कळवा, असं नव्या साहेबांनी फार नम्रपणे लिहिलं होतं.

घातली नजर. मजकुराच्या शेवटी होतं: 'गंमत म्हणजे, वर्कशॉपच्या मिस्त्रींनी पहिल्या वेळी चकत्या उलट्या क्रमाने चिकटवल्या आणि मॉडेल आरशातल्यासारखं झालं! ते पुन्हा करावं लागलं.'

त्या उद्गारचिन्हाने माझं डोकंच फिरलं. गंमत म्हणे. तीस वर्षं त्या माणसाने या लोकांची मोडकी उपकरणं जिवंत ठेवली, आणि त्याच्याबद्दल लिहून राहणार ती एवढी एकच ओळ, तीही खोटी. ती खोटी आहे हे दोनच माणसांना माहीत आहे, एक मिस्त्री आणि एक मी. मिस्त्री बोलणार नाहीत. आणि मी चौतीस वर्षं तोंडातून ब्र काढलेला नाही. तेव्हा पाटी राहू दे बाजूला. आधी मिस्त्री कोण होते ते सांगते.

आमचं वर्कशॉप तळमजल्यावर मागच्या अंगाला होतं. दोन लेथ, एक करवत-यंत्र, आणि भिंतभर लांब बाक. बाकावर सरसाचं भांडं कायम ऊबदार. खिडकीला जाळी, आणि जाळीत लाकडाचा भुसा इतका बसलेला की उजेडसुद्धा पिवळा होऊन आत यायचा. तेल, भुसा आणि उकळून कडू झालेला चहा यांचा मिळून जो वास असतो, तो मला आजही कुठे आला तर मी चालता चालता थांबते. भिंतीवर रिकाम्या औषधांच्या बाटल्या ओळीने लावलेल्या, त्यात स्क्रू. बाटलीवर चिठ्ठी नाही. कुठल्या बाटलीत काय, ते एका मिस्त्रींना ठाऊक. कोणी न विचारता बाटलीला हात लावला की तो दिवस त्याचा गेलाच म्हणायचा.

मिस्त्री ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, कानामागे पेन्सिल. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं वाढवलेलं. आम्ही नवीन होतो तेव्हा त्यावरून बरंच हसून घेतलं. मग कळलं ते कशासाठी होतं. कुठलाही स्क्रू हातात आला की मिस्त्री ते नख त्याच्या आट्यांवरून फिरवायचे आणि न बघता सांगायचे, सुलटा, उलटा, किंवा मेलेला. मेलेला म्हणजे आटे झिजलेला. उलटे आटे फार कमी ठिकाणी लागतात, पण जिथे लागतात तिथे सुलटा घातला तर यंत्र फिरता फिरता स्वतःच सुटतं, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. काम झालं की ते फडक्याने पुसायचे, समोरच्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडून गेलेलं काम परत येत नाही." बढाई नव्हे, ते खरंच होतं. आम्ही त्यांची नक्कल करायचो, जेवणाच्या डब्याचं झाकण लावतानासुद्धा तेच वाक्य म्हणायचो. त्यांना माहीत होतं. उलट आवडायचं त्यांना.

मी तिसऱ्या मजल्यावर ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेली रेघ स्वच्छ शाईत गिरवणारी बाई. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वर पारदर्शक शीट. चुकलं तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची. त्याआधी तीन वर्षं मी विहिरी खोदणाऱ्यांच्या कचेरीत होते. तिथे जमिनीखालचे थर काढायचे: एक नंबर माती, दोन नंबर मुरूम, तीन नंबर खडक, असं वरून खाली. इथे आले ती हंगामी म्हणून. घरात आई आणि दोन धाकट्या बहिणी, सगळ्यांची नजर माझ्या कायम होण्याकडे. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. कोणी काही विचारलं की मी सरळ उत्तर द्यायचंच नाही, असा जणू नियम होता.

मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी ज्या प्रोटीनमागे आयुष्य घातलं, ते पेशीच्या आवरणात बसलेलं असतं. बाहेरून नको ते काही आत आलं की ते उचलायचं आणि बाहेर फेकायचं, हे त्याचं काम. चांगल्या शरीरात ते राखणदारच. पण कॅन्सरच्या पेशी हे राखणदार भरमसाट वाढवतात, आणि मग औषध आत गेलं रे गेलं की ते बाहेर. मॅडम हे सांगायला स्वतः वर्कशॉपमध्ये उतरल्या होत्या. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, म्हणजे आपण पाणी ओततोय आणि आत कोणी तरी पंप लावून बसलंय, असंच ना. मॅडम म्हणाल्या, अगदी असंच. त्या पंपाच्या तोंडाला घट्ट बसेल असं बूच करायचंय. मिस्त्री म्हणाले, मग आधी भोकाचं माप हवं. मॅडम म्हणाल्या, तेच तर तुमच्याकडून हवंय.

त्या दिवशी मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट विचारली. त्यांची थोरली बहीण, अक्का, कॅन्सरने आजारी होती. आई लहानपणीच गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. पहिल्या तीन वेळा औषधाने गाठ वितळली, मग वितळेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, औषध आता लागू पडत नाही. मिस्त्री मॅडमना म्हणाले, म्हणजे औषध अक्कापर्यंत पोचतंय, पण आत थांबत नाहीये. मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. असेलही, म्हणाल्या, पण कारणं इतरही असतात, आणि आपलं हे बूच औषध व्हायला दहा वर्षंसुद्धा लागतील. अक्कांना ते मिळणार नाही. मिस्त्री म्हणाले, नाही मिळालं तर नाही मिळालं, पण भोक बुजतं का एवढं तिला कळलं पाहिजे. रोज विचारते, तुमच्याकडे काय चाललंय म्हणून.

तेव्हाचा आमचा कॉम्प्युटर आकडे द्यायचा, चित्र नाही. त्या आकड्यांवरून मी प्रोटीनचे आडवे छेद काढले, एकूण सेहेचाळीस शीट. पावाच्या लादीचे काप करावेत तसे. प्रत्येक शीटवरून मिस्त्री पातळ लाकडाची चकती कापणार आणि एकावर एक चिकटवून अख्खं प्रोटीन उभं करणार. शीटच्या कोपऱ्यात मी नंबर घातले. मिस्त्रींनी जिन्याखालून ओरडून विचारलं, एक नंबर वर का? मी वरून ओरडले, मग काय खाली?

हे एवढंच झालं. दुसरं काही नाही.

दोन महिन्यांत मॉडेल उभं राहिलं. हातभर उंच, बारा जाड दांडे एकमेकांना टेकून उभे, आणि मधोमध खोल खोबण. मिस्त्रींनी ते पुसून मॅडमच्या हातात दिलं आणि आपलं वाक्य म्हटलं. मॅडमनी ते लेकराला घ्यावं तसं कडेवर घेतलं, हे मी स्वतः पाहिलंय.

मग कामाला लागले आमचे केमिस्ट. उंच, अबोल, सतत शिंकणारे गृहस्थ. त्या खोबणीत बसेल असा रेणू तारेचा करून बघायचे, आणि मग तोच रेणू खरोखर भट्टीवर बनवायचे. परीक्षा सोपी होती. कॅन्सरच्या पेशींना एक चमकणारा हिरवा रंग द्यायचा. पंप चालू असेल तर पेशी रंग फेकून देतात आणि काळ्या दिसतात. बूच बसलं तर रंग आत राहतो आणि पेशी चमकतात. पहिला रेणू काळा. दुसरा काळा. आठ महिन्यांत चार रेणू झाले, चारही काळे. केमिस्टांचं शिंकणंही बंद झालं. वरून निरोप आला की वर्षअखेर तपासणी समिती येईल, तोवर काही दिसलं नाही तर हा विभाग गुंडाळायचा.

समिती यायची म्हणून मॅडमनी मॉडेल पुन्हा खाली पाठवलं. चकत्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसत होत्या, त्या लांबी, म्हणजे पुट्टी, भरून गुळगुळीत करायच्या होत्या. मिस्त्री लांबी भरत होते, घासत होते, आणि सवयीने अंगठ्याचं नख एका दांड्यावरून फिरलं. दांड्याला पुसटशी खाच होती, गोल गोल चढत जाणारी. आकड्यांतूनच आलेली, आम्हा कोणाच्या लक्षात न आलेली. मिस्त्रींनी दुसरा दांडा बघितला, तिसरा बघितला. मग दुपारच्या चहाला केमिस्टांना सहज विचारलं, हे प्रोटीनमधले पीळ कुठल्या बाजूचे असतात हो? केमिस्ट म्हणाले, उजवे, एकजात उजवे, साध्या स्क्रूसारखे. मिस्त्रींनी चहा संपवला आणि बाकाशी परत गेले.

तो गुरुवार होता. मिस्त्री तीन मजले चढून माझ्या खोलीत आले. एरवी ते कधी वर येत नसत, गुडघ्यांचा त्रास होता. दार लोटलं, माझ्या काचेवर दोन स्क्रू ठेवले आणि मला अंगठा फिरवायला लावला. एक सुलटा, एक उलटा. मग म्हणाले की आपल्या मॉडेलचे बाराच्या बारा दांडे या उलट्यासारखे आहेत.

"ट्रेसरबाई, एक नंबर वर असतो की खाली?"

"वर," मी म्हणाले. "पहिला थर वरचाच असतो. जमिनीचा."

"इथे जमीन कुठे आहे?"

माझ्या पायाखालची सरकली ती मात्र जमीनच होती. कॉम्प्युटरच्या आकड्यांचा गठ्ठा काढला. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात छापलं होतं: थर एक, तळ, पेशीची आतली बाजू. ते पान मी उलटलंच नव्हतं. तीन वर्षं विहिरी काढल्या होत्या ना, मला कोण शिकवणार. सेहेचाळीस चकत्या खालच्या वर आणि वरच्या खाली, पण एकही चकती स्वतः पालथी झालेली नाही. त्यामुळे डाव्या हाताचा मोजा तयार झाला होता, आणि केमिस्ट बिचारे आठ महिने त्यात बसेल असा हात घडवत होते. खऱ्या पंपात तो कसा बसणार?

मिस्त्री म्हणाले, मी सांगितलं तर चहाडी होईल, तुम्हीच मॅडमना सांगा. माझ्या कायम होण्याचा कागद त्याच वेळी मॅडमच्या टेबलावर होता, शुक्रवारी सही व्हायची होती. मी मिस्त्रींना म्हणाले, सोमवारपर्यंत थांबा. का, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. "सोमवार," एवढंच म्हणाले, स्क्रू उचलले आणि एकेक पायरी उतरत खाली गेले. सही आधी व्हावी म्हणून मी तो वेळ मागितला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय आणि लिहिताना कानशिलं तापतायत.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर सही झालेला कागद होता. मी तो खणात टाकला आणि मॅडमच्या खोलीत गेले. गेले होते सांगायलाच, एवढं तरी माझ्या बाजूने म्हणते. मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मिस्त्रींनी शुक्रवारीच सांगितलं. चकत्या त्यांच्याकडून उलट्या लागल्या. तू शीट एकदा तपासून दे, या वेळी खालून वर."

मी म्हणाले, "हो मॅडम."

दोन शब्द. ते म्हणून मी बाहेर आले. थेट वर्कशॉपमध्ये गेले आणि मिस्त्रींवरच चिडले, कारण स्वतःवर चिडायची तेव्हा सवय नव्हती. तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे उपद्व्याप करायला, असंही म्हणाले. मिस्त्री नवीन चकत्या कापत होते. करवत बंद केली.

"शुक्रवारी केमिस्ट पाचवी भट्टी लावत होते. थांबवायला हवं होतं. थांबा म्हटलं तर कारण सांगावं लागतं. तुमचा शब्द सोमवारचा होता, तुमचं नाव कसं घेणार? आणि नंबर चुकले म्हटलं असतं तर कोणी घातले, कोणी तपासले, चौकशीला पंधरा दिवस गेले असते. माझं चुकलं म्हटलं, अर्ध्या तासात मिटलं. अक्काकडे पंधरा दिवस जास्तीचे नाहीत."

मग त्यांनी पुन्हा करवत चालू केली.

वीस दिवसांत दुसरं मॉडेल झालं. त्यांनी ते पुसलं आणि मॅडमच्या हातात दिलं. मी कान देऊन उभी होते. ते वाक्य काही आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही, चिमूटभर वेल्डिंगच्या कामालासुद्धा नाही. आमच्यातल्या एकाने नक्कल केली, तर मिस्त्री नुसते हसले, आणि मग नक्कल करण्यातलीही मजा गेली. जॉबकार्डावर 'मिस्त्रीच्या चुकीमुळे फेरकाम' असा शेरा पडला होता. पुढच्या वर्षी हेडमिस्त्री कोणाला करायचं यावर चर्चा झाली तेव्हा कोणी तरी ते कार्ड काढलं, आणि ती जागा दुसऱ्याला गेली. तो माणूस वाईट नव्हता. पण स्क्रूला नख लावून सांगणारा नव्हता.

केमिस्टांनी तोच चौथा रेणू आरशातला करून, म्हणजे डाव्याचा उजवा करून बनवला. सव्वादोन महिने लागले. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे मायक्रोस्कोपच्या खोलीत दाटीवाटीने उभे होतो. पडदे ओढलेले. केमिस्टांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग बाजूला झाले आणि म्हणाले, आधी मिस्त्रींना बघू द्या. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. नंतर मीही बघितलं. हिरव्यागार पेशी, एकूण एक. मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने.

मॅडमनी फोटो काढून मिस्त्रींना दिला. ते तसेच हॉस्पिटलमध्ये गेले. अक्काने फोटो जवळ धरून बघितला आणि म्हणाली म्हणे, असला पंप होता होय माझ्यात, आधी दाखवला असतात तर दोन शब्द ऐकवले असते त्याला. फोटो उशीखाली ठेवून घेतला. त्यानंतर ती अकरा दिवस होती. मी हिशेब केलाय. पंधरा दिवस चौकशीत गेले असते तर अक्काला कळलंच नसतं.

त्या रेणूचं औषध झालं नाही, हेही सांगून टाकते. बूच बसायचं घट्ट, पण शरीरातल्या चांगल्या पंपांनाही बसायचं, आणि यकृताला ते झेपेना. पण विभाग वाचला, आणि त्या खोबणीच्या मापावरून पुढे इतरांनी बरीच चांगली बुचं कापली. मॅडम गेल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. केमिस्ट त्यांच्या आधीच गेले. मी मात्र कायम झाले, बहिणींची शिक्षणं झाली, पेन्शन घेतेय. मिस्त्रींनी मला कधी एका शब्दाने आठवण करून दिली नाही. दिली असती तर भांडता आलं असतं.

काल ही सगळी पानं घेऊन मी मिस्त्रींकडे गेले. वय ब्याऐंशी. मुलगा आणि सून यांच्याजवळ असतात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले. अंगठ्याचं नख अजून वाढवलेलं. मी म्हणाले, वाचून दाखवते, मध्ये बोलायचं नाही. बोलले नाहीत. मी वाचताना दोनदा अडखळले, तेव्हाही नाही. वाचून झालं तेव्हा म्हणाले, "पानांना नंबर घातलेत ना नीट? वरून की खालून?"

मी म्हणाले, मिस्त्री, हसण्यावारी नेऊ नका. हे आज साहेबांकडे जाणार आहे. तुमचं चुकलं नव्हतं हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि बोलले नाही, कारण मला भीती वाटली आणि नंतर लाज वाटली. ते म्हणाले, तुम्हाला तेव्हा नोकरी हवी होती, मला अक्काला फोटो दाखवायचा होता. दोघांचं झालं. मी म्हणाले, दोघांचं झालं, पण भरलं एकट्यानेच. यावर त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

मग मी त्यांना पाटीचा नवा मजकूर वाचून दाखवला. जुना शेवट मी खोडला होता, ब्लेडने खरवडावा तसा. त्याजागी लिहिलंय: 'पहिल्या मॉडेलमध्ये थरांचा क्रम उलटा लागला. ती चूक ट्रेसरची होती. ती मिस्त्रींच्या नखाला सापडली. मिस्त्रींकडून गेलेलं काम कधी परत आलं नाही.'

"आलं होतं की," मिस्त्री म्हणाले. "मॉडेल आलं होतं परत."

"ते माझं काम परत आलं होतं. तुमचं नव्हे."

त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. वाचली. पुन्हा एकदा लावली. मग हात पुढे करून कागद मागितला, आणि अंगठ्याचं नख त्या ओळीवरून सावकाश फिरवलं, कागदावर काय लागणार होतं कोण जाणे. आत सून भांडी आवरत होती. मिस्त्रींनी तिला हाक मारली. ती हात पुसत दाराशी आली.

"तुला कधी सांगितलं नाही मी," मिस्त्री तिला म्हणाले. "माझ्याकडून गेलेलं काम परत येत नाही."